पडद्यावरचे मुसलमान आणि आमची खाला

मोठ्या दुःखांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी आज लहान निराशांवर लिहिणार आहे. या निराशांसाठी कोणी मोर्चा काढत नाही की निवेदन देत नाही. संध्याकाळी टीव्हीसमोर बसल्यावर, ईदच्या आधी कपड्यांच्या दुकानात उभे असताना, कुणी पाठवलेला व्हिडिओ पाहताना मनाला काहीतरी टोचते. आपण "जाऊ दे" म्हणतो आणि कामाला लागतो. पण रोज "जाऊ दे" म्हणता म्हणता घरातून नेमके काय जाते, याचा हिशेब एकदा मांडावा असे बरेच दिवस मनात होते.

मी रायगडच्या किनाऱ्यावरची, श्रीवर्धन तालुक्यातल्या एका गावातली. सुपारीच्या वाड्या, खाडी, दोन मशिदी, एक मराठी शाळा, एक उर्दू शाळा आणि घरटी एक तरी माणूस आखातात किंवा जहाजावर, असे आमचे गाव. घरात आम्ही कोकणी बोलतो, म्हणजे मराठीच, आमच्या वळणाची. पाहुणा आला की "कवा आयलास?" म्हणून विचारतो. गेली बावीस वर्षे मी हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. या बावीस वर्षांत प्रशिक्षणाला, पेपर तपासायला, एखाद्या साहित्यिक कार्यक्रमाला जिथे जिथे गेले, तिथे एक प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, तुम्ही मुस्लिम असून इतकं छान मराठी कसं बोलता?"

विचारणारे वाईट नसतात. कौतुकानेच विचारतात, पुढे डबाही वाटून खातात. मी सांगते, "आमच्या घरी मराठीच बोलतात." तरी त्यांचे समाधान होत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर मुसलमानाचे एक चित्र असते आणि मी त्यात काही केल्या बसत नाही. हे चित्र त्यांना शेजारपाजाऱ्यांनी दिलेले नाही, पडद्याने दिले आहे.

आमच्या आधीच्या पिढीने 'चौदहवीं का चाँद' (१९६०), 'मेरे मेहबूब' (१९६३) आणि 'पाकीज़ा' (१९७२) हे चित्रपट पाहिले. गाणी सुंदर, उर्दू गोड. पण त्यातला मुसलमान म्हणजे उत्तरेकडचा नवाब. हवेली, झुंबर, शेरवानी, वाकून केलेला आदाब. आमच्या गावात आयुष्यभर कोणी कोणाला "आदाब अर्ज है" म्हटलेले मी ऐकले नाही. आम्ही सलाम करतो आणि लगेच विचारतो, "जेवलास काय?" पुढे नवाब गेले आणि गुंड आले, मग अतिरेकी आले. मधूनच नायकाचा एखादा जिवलग टोपीवाला मित्र येतो. तो आला की आमचे बाबा म्हणायचे, "हा आता मध्यंतराच्या आत मरणार." बहुतेक वेळा त्यांचा अंदाज बरोबर निघायचा.

मराठी पडद्याकडून अपेक्षा जास्त, म्हणून निराशाही जास्त. तिथे मुसलमान पात्र क्वचित येते आणि आले तर गावात जन्मून, गावात म्हातारे होऊनही "हम बोला, तुम सुना" अशी हिंदी बोलते. २०१७ साली 'हलाल' हा मराठी चित्रपट आला. राजन खान यांच्या कथेवरचा, तलाकच्या प्रश्नावरचा. त्या प्रश्नावर चित्रपट निघू नये असे माझे म्हणणे नाही. पण मुसलमानाच्या घराचे दार कॅमेऱ्याने फक्त तलाकसाठीच उघडावे का? आमच्या घरात कोणी दहावीला बसत नाही? कोणाच्या वाडीची हद्द शेजाऱ्याने सरकवलेली नसते? सासूबाईंचा चष्मा हरवत नाही? मुलगा दोहाहून येणार म्हणून आई तीन दिवस आधी सांदणांची तयारी करते आणि विमान रद्द होते, यात कथा नाही?

खरे तर या किनाऱ्यावर कथा हजार वर्षांची आहे. अल-मसऊदी हा अरब प्रवासी इ. स. ९१६ च्या सुमारास अलिबागजवळच्या चौलला आला होता. चौलला त्याने सैमूर म्हटले आहे. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे आणि त्यांत इथेच जन्मलेलेही असल्याचे त्याने लिहून ठेवले. १६७९ साली थळसमोरच्या खांदेरी बेटासाठी लढाई झाली, तेव्हा शिवाजी महाराजांच्या आरमाराकडून मायनाक भंडारी आणि दौलतखान लढले. समोर इंग्रजांबरोबर जंजिऱ्याचा सिद्दी होता. म्हणजे त्या पाण्यात मुसलमान दोन्ही बाजूंना होते. मालिकांत डोळ्यांत काजळ घालून मोठमोठ्याने हसणारा सिद्दी आम्ही पुष्कळदा पाहिला. दौलतखानाची मात्र वाट पाहावी लागते. १९८० साली म्हसळा तालुक्यातल्या आंबेत गावचे बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्याच कारकिर्दीत, १९८१ च्या सुरुवातीला, कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव मिळाले. वर्गात मी हे सांगते तेव्हा मुले माना वर करतात. आमची मुलेसुद्धा. कारण पडद्यावर त्यांनी हे कुठे पाहिलेले नसते.

ही निराशा एकट्या मुसलमानांची नाही, हेही मला सांगितले पाहिजे. सगळ्या रायगड किनाऱ्याची तीच तक्रार आहे. मराठी नाटक-मालिकांत कोकण म्हणजे मालवण-सावंतवाडी. 'वस्त्रहरण' नाटकाने मालवणी बोली महाराष्ट्रभर पोहोचवली, 'रात्रीस खेळ चाले' मालिकेने तिकडची घरे दाखवली. चांगलेच झाले. रायगडच्या वाट्याला काय आले? "अलिबाग से आया है क्या?" हा टोमणा. समोरचा मूर्ख आहे असे म्हणायचे असेल तर हे वाक्य. आमच्या शाळेतून मुंबईला कॉलेजला गेलेल्या मुलांना गावाचे नाव सांगितले की पहिल्या आठवड्यात ते ऐकावे लागते. श्रीवर्धन कुठे, अलिबाग कुठे! पण मुंबईच्या लेखी खाडीपलीकडचे सगळे एकच.

अलिबागच्या एका रहिवाशाने या वाक्यावर बंदी घालावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली होती. जुलै २०१९ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. विनोद सगळ्यांवरच होतात, मनाला लावून घेऊ नये, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय होता. कायद्याच्या दृष्टीने ते योग्यच असेल. विनोदावर बंदी घालून मन मोठे होत नाही. पण सूरह हुजुरातमध्ये एकमेकांची टर उडवू नका, वाईट नावांनी हाक मारू नका अशी ताकीद आहे, ती मला या निमित्ताने आठवली. चौथ्यांदा तोच विनोद ऐकणारा सोळा वर्षांचा मुलगा पाचव्या वेळी काय करतो, हे मी पाहिले आहे. तो गावाचे नाव सांगायचे सोडतो. "मुंबईला राहतो" म्हणतो.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आले. दुपारी मुरूड-श्रीवर्धनच्या पट्ट्यात ते किनाऱ्यावर चढले. वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर. आमच्या घराचे पत्रे उडाले, वाडीतल्या आजोबांच्या हातच्या सुपाऱ्या काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या झाल्या. वीज गेली ती कित्येक आठवडे आली नाही. फोन बंद. माझा भाऊ मुंब्र्याला टीव्हीसमोर बसून होता. त्याने नंतर सांगितले, "आपा, मी वाहिन्या बदलून बदलून थकलो. सगळे मुंबईच्या समुद्रासमोर रेनकोट घालून उभे. संध्याकाळी खाली पट्टी आली, मुंबईवरचं संकट टळलं. अँकर हसत होती. मला कळेना, तुम्ही जिवंत आहात की नाही." मुंबई वाचली याचा आनंद आम्हालाही होता, आमची निम्मी माणसे तिथेच राहतात. पण ज्यांच्यावर ते संकट येऊन पडले होते, त्यांचे नाव त्या पट्टीत नव्हते.

हे सगळे "जाऊ दे"मध्ये जमा. आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिकडे येते.

माझी खाला अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. नेसण सुती साडी, डोक्यावर पदर. तो पदर ढळलेला मी कधी पाहिला नाही. पाच वक्त नमाज, रमजानचे पूर्ण रोजे आणि हातात अडकित्ता. तीन-चार वर्षांपूर्वी एका मालिकेचे लोक आमच्याकडे चित्रीकरणाची जागा शोधत आले. त्यांना "मुस्लिम घर" हवे होते. त्यांतला एक तरुण आमच्या ओटीवर आला. ओटी, झोपाळा, कोपऱ्यात सुपारीची पोती आणि साडीतली खाला हे सगळे त्याने पाहिले आणि म्हणाला, "हे नको. जरा मुस्लिम वाटेल असं दाखवा ना." भिंती हिरव्या करता येतील का, कबुतरे मिळतील का, अशी चौकशी झाली. मग त्याने खालाला हिंदीत विचारले, "अम्मा, आप बुरखा पहनेंगी?"

खाला म्हणाली, "माज्याच घरात मी बुरखा कशाला घालू रं?"

तो चकित होऊन आपल्या सोबत्याला म्हणाला, "अरे, या मराठी बोलतात!"

ते चहा पिऊन गेले. पुढे त्या मालिकेत एक मुसलमान घर आले, भिंती हिरव्या, पिंजऱ्यात पोपट. आम्ही महिनाभर हा किस्सा सांगून हसलो. हसण्यासारखाच होता. पण त्या मुलाच्या डोक्यातले चित्र आमच्या स्वतःच्या घरात कधी शिरले, ते मला भाचीच्या लग्नात कळले.

पडद्यावरचे पाहून कपडे घेणे नवे नाही. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' लागला तेव्हा माधुरीच्या जांभळ्या साडीसाठी आमच्या मोहल्ल्यातल्या मुलींनी आयांना हैराण केले होते. २०१५ च्या 'बाजीराव मस्तानी'नंतर भाचीने मस्तानी ड्रेस मागवला. फोटोत भरजरी, पार्सलमध्ये पातळ. बाह्या वेगळ्या पिशवीत दिलेल्या, त्या गावातल्या शिंप्याकडून बसवून घ्याव्या लागल्या आणि रंग पहिल्या धुण्यात गेला. असल्या निराशा दोन दिवसांच्या असतात. पोरी रडतात, विसरतात, पुन्हा मागवतात.

लग्नातले प्रकरण वेगळे होते. भाचीला "नवाबी थीम" हवी होती. मांडववाल्याने पुठ्ठ्याचे झरोके आणि कमानी आणल्या, त्यावर सोनेरी रंग. शरारा, झुमर, फुलांचे पडदे. आमच्या खाडीकाठी लखनौ उभे राहिले. हौस होती, बापाने केली, तक्रार नाही. हळदीच्या रात्री नाच शिकवणारा आला, सिनेमाची गाणी ठरली. खाला विचारत होती, "मी कवा म्हनू?"

आमच्याकडे हळदीला, मेंदीला, नवरी निघताना म्हणायची गाणी आहेत. वाद्य नाही, बायका टाळ्यांवर म्हणतात. त्यात बीबी फातिमांच्या निकाहाचे गाणे आहे, मुंबईला नारळ घेऊन गेलेल्या गलबताचे आहे, आफ्रिकेला गेलेल्या भावाने बहिणीच्या लग्नाला काय पाठवले त्याचे आहे, विहिणीची थट्टा आहे. सगळी आमच्या बोलीत. गावात ही गाणी पुरी येणारी आता एकटी खाला उरली आहे.

भाची म्हणाली, "खाला, प्लीज, व्हिडिओ आहे. कोणाला कळायची नाहीत." तिची एक मैत्रीण म्हणाली, आणि अगदी सहज म्हणाली, "ही तर मराठी गाणी आहेत ना? मुस्लिम लग्नात कशी म्हणणार?"

मी मेंदीची ताटे मांडत होते, तशीच थांबले. बावीस वर्षे बाहेरच्या लोकांनी मला विचारलेला प्रश्न आज आमच्याच मांडवात, आमच्याच मुलीच्या तोंडून आला होता. ती मुलगी गुणी आहे, नमाजी आहे, तिच्या घरीही हीच बोली बोलतात. पण मुसलमान कसा दिसतो, कसा बोलतो, लग्नात काय गातो हे तिने तिच्या दादीकडून घेतले नव्हते. पडद्याने सांगितलेले तिला खरे वाटत होते आणि दादी खोटी.

खालाने वाद घातला नाही. नाच संपेपर्यंत खुर्चीवर बसली, टाळ्याही वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सुपारी कातरताना मला म्हणाली, "माज्या सासूनं शिकवली, तिला तिच्या सासूनं. मी कोनाला देऊ?"

तेव्हापासून एक वही केली आहे. दर रविवारी असरनंतर मी खालाकडे बसते. ती म्हणते, मी लिहिते, मोबाइलवर आवाज घेते. आजवर एकोणीस गाणी झाली. त्यातली पंधरा पूर्ण आहेत. चार अर्धी आहेत, कारण खालाला मधली कडवी आठवत नाहीत. कधी ती डोळे मिटून चाल गुणगुणत राहते आणि शब्द येत नाहीत. मग म्हणते, "होतं, बाय. आतच हाय कुठंतरी." एकदा एक ओळ मध्यरात्री आठवली म्हणून तिने नातवाला उठवून मला फोन लावायला सांगितले.

आमच्या शेजारचे आगरी आणि कोळी बांधव या बाबतीत आमच्यापुढे गेले. त्यांनाही पडद्यावर फारसे कोणी बोलावले नव्हते, बोलावले तर टोपली आणि लुगडे एवढ्यापुरतेच. पण त्यांनी आपली गाणी स्वतः म्हटली. कॅसेटी काढल्या, मग सीडी, मग यूट्यूब. आज मुंबई-पुण्याच्या लग्नांत कोळीगीत लागल्याशिवाय वरात पुढे सरकत नाही, आणि त्यावर नाचणाऱ्याला कोणी विचारत नाही की हे गाणे तुमचे कसे. लिहिण्याच्या बाबतीत आपल्या लोकांनीही सुरुवात केली. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. आमच्यासारख्यांना मराठीत स्वतःविषयी लिहायचा धीर त्यातून आला. पण घरातल्या बायकांच्या तोंडचे बरेचसे अजून कागदावर यायचे आहे.

भाषांचे आणि रंगांचे वेगवेगळेपण ही अल्लाहची निशाणी असल्याचे सूरह रूममध्ये सांगितले आहे. खालाची बोलीही त्यातलीच एक आहे. ती उर्दूहून कमी मुसलमान नाही आणि पुण्याच्या मराठीहून कमी मराठी नाही. हे मुलांना तोंडाने सांगून पटत नाही, ऐकवावे लागते. आठवीच्या वर्गात मी गलबताचे गाणे ऐकवले तेव्हा दोन मुले म्हणाली, "मॅडम, ही चाल आमच्या नानीला येते." त्यांच्या नानीकडे मी पुढच्या महिन्यात जाणार आहे, इन्शाअल्लाह.

भाची आता कतारला असते. परवा तिचा फोन आला. इमारतीतल्या एका मलबारी शेजारणीच्या घरी मेंदी होती, बायकांनी आपापल्या गावची गाणी म्हटली. तिने विचारले, "तुझ्या वहीत मेंदीचं ते आहे का गं, ज्यात आत्याला चिडवतात?" मी पानाचा फोटो आणि खालाचा आवाज दोन्ही पाठवले. तिने ते म्हटले का, हे मी विचारले नाही.

टीव्हीवाल्यांनी आम्हाला नीट दाखवावे असे मला आजही वाटते. मराठीत लिहिणाऱ्या-दाखवणाऱ्या मित्रांना माझे सांगणे आहे की एकदा आमच्या ओटीवर या, भिंतींना रंग न लावता बसा. पण ते येईपर्यंत खालाचे वय थांबणार नाही. म्हणून वाचक भगिनींना एक विनंती आहे. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईजवळ या आठवड्यात अर्धा तास बसा. लग्नातले गाणे, पाळणा, उखाणा, पावसाळ्याआधी सुकटी भरताना म्हणायचे काही, जे येत असेल ते त्यांच्याच शब्दांत लिहा. शब्द शुद्ध करू नका. कोणाकडून, कोणत्या गावचे, कधी म्हणतात, एवढे खाली टिपा. आवाज घेणार असाल तर आधी त्यांना विचारा आणि तो गटात पाठवण्यापूर्वी पुन्हा विचारा.

आणि एक कामाचे. खालाच्या चार अर्ध्या गाण्यांपैकी एकात गलबत दिघीच्या बंदरातून निघते, नारळ मोजून होतात, आणि तांडेलाची बायको किनाऱ्यावर उभी राहून काहीतरी सांगते. ती काय सांगते ते कडवे खालाला आठवत नाही. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन किंवा पलीकडे बाणकोट भागातल्या कोणाच्या दादी-नानीला ते येत असेल, तर मासिकाच्या पत्त्यावर जरूर कळवा. खाला वाट पाहते आहे.